बाकडं, सावली आणि मोझॅकमधला हत्ती

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे एका जगप्रसिद्ध वास्तूला गेलो होतो. नाव घेत नाही, कारण हे जगातल्या तसल्या कुठल्याही ठिकाणी झालं असतं. मुलगी तेव्हा सात वर्षांची, सासूबाई बाहत्तरच्या, नवरा आणि मी. लाईनमध्ये जवळजवळ तीन तास, मग आत वीस मिनिटं, त्यातली पंधरा पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघण्यात आणि उरलेली फोटो काढण्यात गेली. घरी आल्यावर मुलीला तिच्या आत्याने फोनवर विचारलं, काय काय पाहिलंस गं? तर म्हणाली, एका काकांच्या बॅगेला खूप बिल्ले होते आणि त्यातल्या एकावर अस्वल होतं. बास, एवढंच. आत्या हसली, मला मात्र चर्रर्र झालं, कारण ती खोटं बोलत नव्हती. सात वर्षांच्या पोराचे डोळे बरोबर मोठ्या माणसाच्या पाठीवरच्या बॅगेच्या उंचीला येतात, तिला खरंच तेवढंच दिसलं होतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. वर्षातून एकदा रजा जमवायची, सगळ्यांच्या तब्येती आणि परीक्षा सांभाळून तारखा काढायच्या, आणि मुलांना "इतिहास दाखवायला" म्हणून जिथे न्यायचं तिथे त्यांना गर्दी सोडून काहीच दिसत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: मुलांची जुन्या काळाशी पहिली ओळख शांत, पडक्या, फारशा नाव नसलेल्या जागेवर व्हायला हवी, मोठी नावं नंतर बघता येतात. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे अशा जागा म्हातारी माणसं आणि लहान पोरं असलेल्या घराला झेपतील अशा करणं हे सरकारांचं आणि पुरातत्त्व खात्यांचं काम आहे, मग तो देश कुठलाही असो. ते काम आज होत नाहीये आणि दोष मात्र "लोकांना गर्दीच आवडते" म्हणून आपल्याच माथी मारला जातो.

मोनालिसाचंच घ्या. चित्र केवढं? 77 बाय 53 सेंटीमीटर, म्हणजे घरातल्या मध्यम आरशाएवढं, तेही बुलेटप्रूफ काचेआड, आणि 2024 साली लूव्र म्युझियममध्ये 87 लाखांच्या आसपास माणसं येऊन गेली त्यातल्या बहुतेकांना बघायचं होतं ते हेच. आता त्याच दालनात, मोनालिसाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या जुन्या इटालियन चित्रकाराचं 'काना' नावाच्या गावातल्या, बायबलमधल्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ 10 मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच, अख्ख्या लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र. त्यात लग्नाची पंगत बसलीय, वाजवणारे वाजवतायत, कुत्री आहेत, एक बुटका माणूस हिरवा पोपट घेऊन उभा आहे, आणि उजव्या कोपऱ्यात एक मांजर रांजणाला नखं मारतंय. पोरांनी तासभर बघावं असं चित्र! पण फोन वर धरून उभी असलेली सगळी माणसं त्याच्याकडे पाठ करून उभी असतात. म्हणजे प्रश्न जागेचा नाहीच, आपण काय बघायचं हे घरून निघतानाच ठरवून निघतो आणि मग तेवढं टिक करून बाहेर पडतो, आणि मुलं आपलं बघून तेच शिकतात.

गेल्या वर्षी रोमला गेलो तेव्हा म्हणून मी हट्टाने एक पूर्ण दिवस ओस्तिया आंतिकासाठी ठेवला. रोमपासून लोकल ट्रेनने अर्धा तास. हे प्राचीन रोमचं बंदर, धान्य, तेल, दारू, प्राणी सगळं समुद्रातून इथे यायचं आणि टायबर नदीने वर शहरात जायचं. पॉम्पेईसारखा इथे ज्वालामुखी वगैरे झाला नाही, नदीने आणलेल्या गाळाने समुद्र हळूहळू लांब गेला, व्यापार गेला, माणसं गेली, आणि पुढे 1557 च्या पुरात तर टायबरनेच पात्र बदललं. आज समुद्र तिथून तीनेक किलोमीटर लांब आहे. उरलंय ते अख्खं गाव: विटांच्या कित्येक मजली चाळीवजा इमारती, पिठाच्या गिरण्या त्यांच्या काळ्या दगडी जात्यांसकट, एक खाण्यापिण्याचं दुकान ज्याचा संगमरवरी कट्टा अजून जागेवर आहे आणि मागच्या भिंतीवर काय मिळतं त्याची चित्रं आहेत. आणि एक सार्वजनिक संडास, लांबलचक संगमरवरी बाक आणि त्याला ओळीने भोकं, मध्ये भिंत नाही पडदा नाही काही नाही. मुलगी तिथे पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिली, मग म्हणाली, आई, हे लोक एकमेकांशी गप्पा मारत बसायचे का गं?

आता हा प्रश्न कुठल्याही बोर्डावर नव्हता, कुठल्याही ऑडिओ गाईडने तिला विचारायला लावला नव्हता, तो तिला पडला कारण तिला उभं राहायला जागा होती आणि मागून कोणी पुढे चला म्हणत नव्हतं. शांतता मला हवी असते ती एवढ्यासाठीच. शांत जागा म्हणजे उच्च अभिरुची आणि गर्दीची जागा म्हणजे सामान्य, असलं काही मला अजिबात म्हणायचं नाहीये, तसं म्हणणारे लोक मला पटतही नाहीत. मला फक्त एवढं दिसतं की पोराला प्रश्न पडायला वेळ लागतो, आणि लाईनमध्ये तो वेळ मिळत नाही.

ओस्तियातल्या जुन्या थिएटरच्या मागे एक मोठा चौक आहे. त्याच्या चारी बाजूंना व्यापाऱ्यांच्या साठेक खोल्या होत्या, आणि प्रत्येकाच्या पुढे जमिनीवर काळ्यापांढऱ्या खड्यांचं मोझॅक, म्हणजे आजच्या भाषेत दुकानाची पाटीच. जहाजं, डॉल्फिन, दीपगृह, धान्य मोजायचं माप. आणि एका ठिकाणी हत्ती. मुलगी धावत आली, आई, इथे हत्ती कशाला? इटलीत हत्ती असतात? मला माहीत नव्हतं. मग आम्ही दोघींनी वर लिहिलेली अक्षरं एकेक करून वाचली, फोनवर शोधलं, तर ते साब्राथाच्या व्यापाऱ्यांचं ऑफिस निघालं, साब्राथा म्हणजे आजच्या लिबियातलं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं शहर. म्हणजे हत्ती, हस्तिदंत, समुद्र, आफ्रिका, रोम, हे सगळं एका आठ वर्षांच्या पोरीने जमिनीवरच्या एका चित्रावरून जोडलं. त्या चित्रापुढे आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आम्ही तिथे किती वेळ होतो मला सांगता येणार नाही, मी घड्याळ बघितलंच नाही.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं मला इथे नीट मांडायचंय कारण ते खोडून काढण्यासारखं नाहीये. लग्नाआधीपासून त्यांच्या घरी एका जुन्या कॅलेंडरवर त्या प्रसिद्ध वास्तूचं चित्र होतं, आयुष्यभर त्यांनी ते बघितलं, मुलं वाढवली, नोकरी केली, आणि बाहत्तराव्या वर्षी त्या तिथे उभ्या राहिल्या. गर्दी होती, पाय दुखत होते, वीस मिनिटंच मिळाली, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी नंतर म्हटलं, आई, एवढी दगदग करून काय मिळालं? तर म्हणाल्या, "अगं, मी ते मनात इतक्या वेळा पाहिलंय की मला वीस मिनिटं पुरली." यावर मी काय बोलणार! ज्या माणसाने पन्नास वर्षं एखादी जागा मनात बाळगलीय त्याच्यासाठी ती गर्दी ही गर्दी नसते. म्हणून मी कोणाला प्रसिद्ध जागी जाऊ नका असं सांगणार नाही, कधीच नाही. पण मुलीच्या मनात ते कॅलेंडर नव्हतं ना. तिला आम्ही आमच्या इच्छेच्या लाईनमध्ये उभं केलं होतं. कुठली जागा चांगली हे ठरवत बसण्यापेक्षा ती नक्की कोणाला बघायचीय हे निघायच्या आधी घरात विचारलं तरी खूप फरक पडतो, आणि एका कुटुंबात चार माणसांची चार उत्तरं आली तर येऊ देत, सगळ्यांनी सगळं एकत्रच बघितलं पाहिजे असा कुठे नियम आहे?

पण नुसतं घरात ठरवून भागत नाही. फॅमिली मोठ्या नावाच्या जागी जातात त्याचं एक साधं कारण कोणी बोलत नाही. तिथे संडास असतो. पाणी असतं, बसायला बाकडं असतं, व्हीलचेअर जाईल असा उतार असतो, आजीला चक्कर आली तर कोणीतरी धावत येईल एवढी माणसं असतात. आणि पडक्या शहरात? बहुतेक ठिकाणी उन्हात तापलेले दगड, सावलीला एखादं झाड, आणि संडास एकदम गेटपाशी, म्हणजे आत दीड किलोमीटर गेल्यावर पोराला लागली की आख्खा दिवस संपला. ओस्तियातही मुख्य रस्त्याचे ते दोन हजार वर्षांचे उंचसखल काळे दगड सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपले नाहीत, नवऱ्याचा हात धरून त्या इंच इंच चालल्या. तरुण एकट्या माणसाला शांत जागा निवडणं सोपं आहे, त्याला पाठीवर एक बाटली घेतली की झालं. तीन पिढ्या घेऊन निघालेल्या बाईला नाही. तिने काय बघायचं हे शेवटी संडास कुठे आहे त्यावर ठरतं आणि यात तिचा काहीही दोष नाही.

सरकारं गर्दीवर काय करतायत? तर आकडे लावतायत. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर 2023 च्या सप्टेंबरपासून दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आणि ठरलेला तास, पॉम्पेईला 2024 च्या नोव्हेंबरपासून तेवढीच. माचू पिक्चूला ठरलेल्या वेळेचं तिकीट आणि ठरलेला मार्ग, ज्यावरून मागे फिरता येत नाही. ताजमहालात तीन तासांची मर्यादा. हे चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, दगडांनाही झीज असतेच. फ्रान्समधल्या लास्को गुहेत काय झालं बघा, 1940 मध्ये सापडली, 1948 ला लोकांना उघडली, आणि माणसांच्या नुसत्या श्वासाने, त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने आणि ओलीने, भिंतीवरची हजारो वर्षं टिकलेली चित्रं पंधरा वर्षांत बिघडायला लागली म्हणून 1963 ला बंद करावी लागली. आता लोक बघतात ती हुबेहूब प्रतिकृती, आणि मला विचाराल तर तिथे तेच बरोबर आहे. पण आकड्याच्या मर्यादेने फक्त एवढंच होतं की आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. 20,000 मध्ये उभ्या असलेल्या पोराला अजूनही पाठीच दिसतात. जी माणसं आत येऊ शकली नाहीत ती कुठे जावीत याचा विचार कोणी केला?

करणं शक्य आहे. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजला जगभरातून लोक येतात आणि 1970 च्या दशकाच्या शेवटापासून नेहमीच्या प्रवाशाला दगडांच्या मधोमध जाता येत नाही, दोरीच्या बाहेरून बघायचं. तिथून उत्तरेला गाडीने तासाच्या आत एव्हबरी आहे, आकाराने कितीतरी मोठं दगडी वर्तुळ, त्याच्या पोटात चक्क एक गाव वसलंय, मेंढ्या चरतात, आणि मुलं दगडाला हात लावू शकतात, त्याला टेकून बसू शकतात. 1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत दोन्ही एकत्रच घेतलं गेलं, नावं शेजारी शेजारी, तरी किती फॅमिलींना दुसरं नाव माहीत असतं? ही यादी 1978 मध्ये 12 जागांनी सुरू झाली आणि आज तिच्यात बाराशेच्या वर जागा आहेत. बाराशे! आणि आपण सगळे त्यातल्या डझनभर नावांच्या दारात एकमेकांना ढकलत उभे.

मुलांसाठी पडक्या जागेचं अजून एक मला फार आवडतं. तिथे सगळं कोणालाच माहीत नसतं. कच्छमधल्या धोलावीरात हडप्पा काळातलं शहर आहे, त्याच्या उत्तरेकडच्या दरवाज्यापाशी उत्खननात दहा मोठमोठी चिन्हं ओळीने सापडली, पांढऱ्या जिप्समचे तुकडे लाकडी फळीवर बसवून केलेली, फळी कधीच कुजून गेली आणि अक्षरं जशीच्या तशी मातीत पडून राहिली. ती बहुतेक शहराची पाटी असावी. काय लिहिलंय? आजवर कोणालाही वाचता आलेलं नाही. पोराला हे सांगून बघा एकदा. शाळेत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं, आणि इथे त्याच्या बरोबरीने जगातला सगळ्यात मोठा पंडितसुद्धा अडलेला आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो घेणाऱ्यांची तळमळ मला कळते: शांत जागी फॅमिली नेल्या तर त्या जागांचीही वाट लागेल, नावं कोरतील, कचरा करतील. भीती खरी आहे. 2023 मध्ये एका प्रवाशाने कोलोसियमच्या भिंतीवर स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं आणि नंतर माफीच्या पत्रात लिहिलं की ही वास्तू इतकी जुनी आहे हे मला माहीत नव्हतं. पण बघा ना, हे झालं ते भर गर्दीत, जगातल्या सगळ्यात ओळखीच्या वास्तूवर. 2019 मध्ये हंपीतल्या एका देवळापाशी तरुण पोरांनी उभा खांब ढकलून पाडला, व्हिडिओ पसरला, मग त्यांना पकडून त्यांच्याकडूनच तो परत उभा करून घेतला. तो पाडताना शेजारी कोणी आजी आजोबा नातवंडं घेऊन बसलेले असते तर ढकलायची हिंमत झाली असती? कंबोडियात तर बांतेय छमार नावाचं आडबाजूचं प्रचंड देऊळ आहे, 1990 च्या दशकाच्या शेवटी चोरांनी तिथली कोरीव भिंतच्या भिंत कापून नेली आणि तिचे शंभरावर तुकडे सीमेपलीकडे थायलंडमध्ये ट्रकमध्ये सापडले. भिंत कापून न्यायला किती वेळ लागत असेल, किती आवाज होत असेल, आणि ऐकायला कोणी नव्हतं. निर्मनुष्य जागा सुरक्षित असते हा आपला गैरसमज आहे. रोज थोडीथोडी माणसं येत राहिली, तीच तीच घरं परत परत आली, की त्या जागेवर डोळे राहतात. आणि ज्या पोराने हत्ती का आहे हे स्वतः शोधून काढलंय ते पोर त्या हत्तीवर नाव कोरणार नाही, एवढं मी माझ्या मुलीकडे बघून सांगू शकते.

तर मागणं काय, तर फार मोठं नाही. प्रसिद्ध वास्तूच्या तिकिटातून जो पैसा येतो त्यातला ठरलेला वाटा जवळच्या दुर्लक्षित अवशेषांवर खर्च व्हावा, आणि तो चकचकीत व्हिजिटर सेंटर आणि लेझर शोवर नको. आत, अवशेषांच्या मधोमध, नजरेला खुपणार नाही असा एक स्वच्छ संडास. दर दोनशे पावलांवर सावली आणि पाठ टेकेल असं बाकडं. पिण्याचं पाणी. गुडघेदुखीच्या माणसाला निदान मुख्य भाग बघता येईल असा एक सपाट रस्ता, ज्यासाठी जुन्या दगडांना धक्का लावायची गरज नाही, वरून लाकडी फळ्यांची वाट टाकता येते. बोर्ड मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि त्यावर राजांच्या सनावळ्यांपेक्षा इथे लोक काय खायचे, कुठे झोपायचे, पाणी कुठून आणायचे हे. एक पहारेकरी जो शिट्टी मारण्यापेक्षा दोन गोष्टी सांगू शकेल. आणि शाळांनी सहली काढताना एका दिवसात सात पॉइंट करायचं बंद करावं. दीडशे पोरं बसमधून उतरवायची, ओळीत पळवायची, परत बसमध्ये मोजून भरायची, यातून त्यांना शिक्षकांचा ओरडा सोडून काही आठवत नाही. एक जागा, अर्धा दिवस, चित्र काढायला वही.

मला ओळखीच्या दोघातिघांनी सांगितलं की ओस्तियाचं नाव असं उघड लिहू नकोस, तिथेही गर्दी होईल, चांगल्या जागा आपल्यापुरत्या ठेवाव्यात. मला हे पटत नाही. जिथे कोणी जातच नाही तिथे छप्पर दुरुस्त करायला पैसे कोण देणार, आणि चांगली जागा फक्त माहीतगार लोकांनी बघायची हे कोणी ठरवलं? म्हणून नीट पत्ता देऊन लिहिते. रोममध्ये पिरामिदे मेट्रोच्या शेजारच्या स्टेशनवरून समुद्राकडे जाणारी लोकल पकडायची, उतरायच्या स्टेशनचं नावच ओस्तिया आंतिका आहे, बाहेर आल्यावर पादचारी पुलावरून रस्ता ओलांडायचा की चालत काही मिनिटांवर गेट. टोपी आणि पाणी घ्या, बूट जाड तळव्याचे घाला. बरोबर आजी असतील तर सगळं गाव फिरवायच्या फंदात पडू नका, गेटपासून दमादमाने सरळ थिएटरपर्यंत न्या. तिथे बसायला पायऱ्या आहेत आणि वरच्या पायऱ्यांवरून मागचा तो चौक दिसतो. आमच्या सासूबाई तिथे दीड तास बसून होत्या, मुलगी खालून प्रत्येक चित्राची बातमी आणून देत होती, आणि त्या बोटांवर जहाजं मोजत होत्या.